सहाचे पंधरा दिवे

पावणेपाचला फोन वाजला तो मीच उचलला. पलीकडे रोझम्मा सिस्टर होती, मल्लेश्वरमच्या नर्सिंग होममधल्या बायकांच्या हार्ट वॉर्डाची. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही. आम्ही कन्नडात बोलतो, आणि अडलं की हिंदीत.

"अण्णा, तुमचे डबे संध्याकाळी फार ओरडतात. आजपासून मी साडेपाचला बझर बंद करते. सातला परत चालू. चालेल ना?"

"दीड तास बंद?"

"मग काय करू? पंधरा डबे एकदम बोंबलतात. ज्याला झटका आला नाही त्यालाही येईल."

मी "सरी" म्हणालो, म्हणजे बरं. सवयीनं म्हणालो आणि फोन ठेवला. मग लगेच परत उचलला. त्या वॉर्डात अकराव्या खाटेवर माझी अक्का होती.

अक्का म्हणजे जमनाबाई, माझी थोरली बहीण. मी तिचा तम्मा, धाकटा भाऊ. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून माझ्या डोक्याला तेल तिनं लावलं, हरिकथेला कडेवर घेऊन तीच गेली, आणि उत्तररंगात मी झोपलो की पायावर थोपटत बसली तीही तीच. लोक कीर्तन म्हणतात त्याला आमच्या जुन्या बेंगळुरी घरांत हरिकथाच म्हणतात. तिची गोडी मला अक्काच्या मांडीवरच लागली. सोमवारी तिच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले होते, चार दिवस जपायचे, आणि परत कळ आली तर पहिली दहा-पंधरा मिनिटं हातची घालवायची नाहीत. आज गुरुवार, म्हणजे चौथा दिवस.

तो डबा काय होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझं भय तुम्हाला कळायचं नाही. बुवा पूर्वरंग लावतात तेवढा धीर धरा.

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे नरसिंहरावांचा लहानसा कारखाना होता. दवाखान्यांना लागणारी विजेची यंत्रं आम्ही करायचो. मी ड्रॉइंगं काढायचो आणि वायरिंगही करायचो. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याण्णव साली, पुण्याहून उपेंद्र आला. यंत्र माणसाला सोपं कसं जाईल याचं शिक्षण घेतलेला पोरगा. वयानं माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, पण हुशार, आणि मनानं चांगला. डब्याची कल्पना त्याची. हार्टच्या पेशंटला ऐन वेळी हाक मारता येत नाही, म्हणून यंत्रानंच त्याला विचारत राहायचं. दर दोन तासांनी खाटेच्या उशाला हिरवा दिवा लागतो. पेशंटनं खालचं बटन दाबलं की दिवा मालवतो, म्हणजे 'मी ठीक आहे'. पाच मिनिटांत मालवला नाही तर सिस्टरच्या टेबलावर बझर वाजतो. गप्प राहणं हीच हाक. ही युक्ती मला इतकी आवडली होती की डब्यावरच्या चिकटपट्टीची अक्षरं मी स्वतःच्या हातानं लिहिली, कन्नडात आणि इंग्रजीत: 'बरे असाल तर दिवा मालवा.'

सोळा खाटांना सोळा डबे बसवले. दिवसभर सगळं सुरळीत. दहाला, बाराला, दोनला, चारला बायका बटन दाबायच्या. आणि संध्याकाळी सहाला सोळापैकी पंधरा डबे ओरडायचे. रोज. सिस्टर धावत जायची, तर सगळ्याजणी ठणठणीत.

याच मंगळवारी सकाळी उपेंद्र वॉर्डात जाऊन प्रश्नांचा छापील कागद भरून घेऊन आला. बटन समजलं का? समजलं. दाबायला जड जातं का? नाही. काही अडचण? काही नाही. सगळ्याजणींनी सगळं छान म्हणून सांगितलं. मग त्यानं ठरवलं की दोष विजेचा. संध्याकाळी गावातले दिवे लागतात, व्होल्टेज पडतं, बटन काम करत नाही. तेही पटण्यासारखं होतं, कारण आमच्याकडे त्या वेळी ट्यूबलाइटसुद्धा डोळे मिचकावतात. फक्त चौथ्या खाटेचा डबा कधीच ओरडायचा नाही. उपेंद्रनं तो तीनदा खोलला. त्यातला रिले, म्हणजे दिवा-बझर चालू-बंद करणारा चाप, काढून दुसऱ्या डब्यात घातला. चार नंबर शांतच, बाकीचे ओरडतेच.

मला मंगळवारीच कळलं होतं.

मंगळवारी सहाला मी अक्काजवळ होतो. भेटीची वेळ संपत आली होती, खिडकीबाहेर उजेड विटत चालला होता. उशाचा हिरवा दिवा लागला. अक्कानं पदर सावरला, दिव्याला हात जोडले, ओठ हलवले. पलीकडच्या दहा नंबरनं जोडले, बारानं जोडले, समोरच्या ओळीनं जोडले. माझा हात सवयीनं बटनाकडे गेला तर अक्का म्हणाली, "तम्मा, हात लावू नकोस. तिन्हीसांजेला दिवा मालवतात काय? तोही आजाऱ्याच्या उशाचा, कार्तिकात?"

मी हात मागे घेतला. मालवायची माझी छाती झाली नसती. इतकी साधी गोष्ट, आणि चिकटपट्टी लिहिताना ती माझ्या मनात आली नव्हती. ड्रॉइंगबोर्डापुढे बसलो की मी दुसराच कोणी होतो बहुतेक. आणि चौथ्या खाटेवर फिलोमिनाबाई होत्या. त्यांना हा विधिनिषेध नव्हता, त्या निवांत बटन दाबत आणि भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढत.

बुधवारी सकाळी मीटिंग झाली. स्टॅबिलायझर बसवायचे ठरत होते. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मागं एकदा मी म्हणालो होतो की कारागीर प्रेस मशीनला आधी नमस्कार करतात, तेव्हा त्यांचा हात टेकतो तिथं स्विच नको. तर नरसिंहराव हसून म्हणाले होते, "विद्याधरराव, आता मशीनची मुंज पण करून टाकू या." सगळे हसले, मीही हसलो. ते हसू अजून कुठेतरी टोचत होतं. म्हणून बुधवारी गप्प राहिलो. म्हटलं, बझर तर वाजतोय, सिस्टर तर धावतेय, कुणाचं काय बिघडतंय.

आणि आता बझर बंद होणार होता.

मी नर्सिंग होमचा नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला, परत एंगेज. आठ वेळा फिरवला असेन. सव्वापाच झाले. उपेंद्र आत आला आणि माझं तोंड बघून थांबला.

"काय झालं, विद्याधरराव?"

"मला मल्लेश्वरमला सोडाल का? आत्ता?"

त्यानं काही विचारलं नाही, स्कूटरची किल्ली घेतली. शिवाजीनगरातून बाहेर पडायलाच पंचवीस मिनिटं गेली. बस आडवी लागली होती, दोन्हीकडून हॉर्न. मी मागे बसून नाम घेत होतो, पण चार अक्षरं झाली की तुटायचं आणि मध्ये अकरा नंबरची खाट यायची. स्कूटर सुटली तेव्हा उपेंद्रच्या पाठीला तोंड लावून मी सगळं सांगून टाकलं. वाऱ्यात त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. आपली चूक ओरडून सांगायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

एका सिग्नलला उपेंद्रनं मान मागे वळवली.

"म्हणजे व्होल्टेज नाही."

"नाही."

"आणि चार नंबर ख्रिश्चन आहेत."

"हो."

"मी तो डबा तीनदा खोलला हो." मग थोडं थांबून, "मंगळवारपासून माहीत होतं तुम्हाला?"

"मंगळवारपासून."

"काल बोलला असतात तर," एवढं म्हणून त्यानं वाक्य सोडून दिलं. ते वाक्य माझ्या डोक्यात आपलं आपण पुरं झालं. सँकी तलावाशी आलो तेव्हा पाणी काळं पडत चाललं होतं.

"त्या कागदावर त्यांनी सगळं बरोबर लिहून दिलं होतं," उपेंद्र म्हणाला. "मी स्वतः विचारलं होतं."

"साहेब, तुम्ही परीक्षेसारखं विचारलंत, त्यांनी परीक्षेसारखी उत्तरं दिली. आमचे बुवा कथेत कुणाला विचारत नाहीत, समजलं का म्हणून. समोर बघतात. टाळी कुठे पडली, कुणाची मान खाली गेली, त्यावरून पुढचं पद ठरवतात. मी तीस वर्षं त्यांच्या मागे झांज धरून उभा आहे. ती चिकटपट्टी लिहिताना मला तरी हे दिसायला हवं होतं."

"सहाला किती कमी?"

"झाले सहा."

दारावर वॉचमननं अडवलं. भेटीची वेळ संपली, पास दाखवा, उद्या या. उपेंद्र हिंदीत त्याच्याशी हुज्जत घालू लागला. मी दोघांच्या मधून आत शिरलो आणि जिना चढलो. दुसरा मजला. एकच विचार की वॉर्डातून काही आवाज येतोय का. काहीच येत नव्हता. इतकं शांत मी ते नर्सिंग होम कधी ऐकलं नव्हतं.

दारात थांबलो. ट्यूबलाइट अजून लावल्या नव्हत्या. अंधुक उजेडात दोन ओळींनी हिरवे दिवे तेवत होते, एक सोडून सगळे. बायका उशाशी टेकून बसलेल्या, काहींचे हात अजून जोडलेले. देवळाच्या दीपमाळेसारखं ते दिसत होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथंच हात जोडले असते. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. त्या पंधरांत एखादी बाई खरंच बुडत असेल, तर तिचा दिवाही असाच दिसणार होता, बाकीच्यांसारखाच, शांत आणि सुंदर.

"अण्णा," चार नंबरवरून फिलोमिनाबाईंचा बारीक आवाज आला, "तुमच्या अक्काला बघा. मी दोनदा सिस्टरला हाक मारली. माझा आवाज पोचत नाही."

अक्का बसलेली होती. पाठ ताठ, डोळे मिटलेले. लांबून वाटलं जप करतेय. जवळ गेलो तर कपाळ, गळा, सगळं घामानं ओलं, आणि एका मुठीत चादर इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"अक्का."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "स्वल्प दुखतंय," म्हणाली. "होईल बरं."

सिस्टरला मी कशी हाक मारली मला आठवत नाही. नंतर उपेंद्र म्हणाला की खालच्या मजल्यावर ऐकू आली. रोझम्मा धावत आली, तिनं मनगट धरलं, आणि तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. मग डॉक्टर, मग ट्रॉली. अक्काच्या जिभेखाली गोळी ठेवली, तिला आडवं केलं आणि चाकांचा खडखडाट करत आयसीयूच्या दाराआड नेलं. माझ्या हातात तिची चष्म्याची डबी तेवढी उरली.

"कधीपासून दुखत होतं?" डॉक्टरांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. बारा नंबरची बाई म्हणाली, "दिवा लागायच्या आधीपासून." दिवा सहाला लागला होता आणि मी पोचलो तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"आत्ता काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहेर बसा."

बाहेर लाकडी बाक होतं. रोझम्मा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "अण्णा, मला ठाऊक असतं तर मी बंद केला नसता," ती म्हणू लागली. मी म्हणालो, सिस्टर, तुमच्याकडे दोष नाही, तो कुठे आहे मला ठाऊक आहे. ती गेली आणि बझर चालू करून आली. त्याबरोबर पंधराच्या पंधरा दिव्यांची एकच बोंब उठली, आणि तिनं पुन्हा कानावर हात ठेवत तो बंद केला.

उपेंद्र उठला. "आठला परत दिवे लागतील. तोवर करू या काहीतरी. इथं नुसतं बसलात तर वेडे व्हाल."

"काय करणार?"

"तुम्ही सांगा. मालवणार नाहीत म्हणता. मग काय करतील?"

मी विचारही केला नाही. "लावतील. बटन दाबून दिवा लावायला सांगा. झोपेतून उठून लावतील."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

डब्यातल्या दोन तारांची अदलाबदल होती, बाकी काही नाही. वेळ झाली की डब्यात नुसतं टिक् वाजणार. पेशंटनं बटन दाबलं की दिवा लागणार, थोड्या वेळानं आपोआप मंद होऊन जाणार. पाच मिनिटांत लागला नाही तर बझर. मी डबे खोलत गेलो, उपेंद्र तारा जोडत गेला. दोन स्क्रू खाटेखाली घरंगळले ते सात नंबरच्या बाईनं वाकून शोधून दिले. चिकटपट्ट्या मी नखानं खरवडून काढल्या. दर डब्यानंतर आयसीयूच्या दाराकडे बघून येत होतो. दार बंदच. अकरा नंबरचा डबा शेवटी ठेवला. रिकाम्या खाटेवर चादर अजून चुरगळलेली होती.

आठ वाजले. रोझम्मानं बझर चालू केला आणि दारातून सांगितलं, "आठ झाले, आपापला दिवा लावा." क्षणभर कुणी हललं नाही. मग दहा नंबरच्या म्हातारीनं बोट पुढे केलं. दिवा लागला. तिनं तेच बोट डोळ्यांना लावलं. मग बारा, मग समोरची ओळ, एकेक करत सगळे. फिलोमिनाबाईंनीही लावला.

अकरा नंबरचा लागला नाही. पाच मिनिटांनी बझर वाजला. एकच, स्पष्ट. रोझम्माला माहीत होतं खाट रिकामी आहे, तरी ती खुर्ची सरकवून धावत आली आणि खाटेपाशी येऊन उभी राहिली. मला तो आवाज सोसेना. बाहेर यायला वळलो तर आयसीयूचं दार उघडलं होतं आणि आतली नर्स बोलावत होती. "जमनाबाईंचे कोण? दोन मिनिटं."

मी खिशातली चष्म्याची डबी मुठीत धरली आणि आत गेलो.

अक्का जागी होती. नाकात नळी, हाताला सलाइन, चेहरा ओढलेला, पण जागी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आज आणि उद्या सांभाळायचं. मी स्टुलावर बसलो आणि सांगून टाकलं, कारण स्कूटरवर एकदा सांगून झाल्यावर आता लपवायला काही राहिलं नव्हतं.

"अक्का, तो डबा आमच्याच कारखान्यातला. त्यावर 'मालवा' असं मीच लिहिलंय."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. आवाज कापसासारखा. "तुझं अक्षर मला ओळखता येत नाही काय? मीच तुला लिहायला शिकवलं."

"मग बोलली का नाहीस कुणाला?"

"काय बोलू? सगळ्या म्हणत होत्या, हे काय अभद्र लिहिलंय. मी म्हटलं, माझ्या तम्मानं केलंय, त्याला नावं ठेवू नका. ते पुण्याचे साहेब कागद घेऊन आले तेव्हा पण मीच सगळ्यांना सांगितलं, छान आहे म्हणा. पोराची नोकरी आहे."

मी तिच्या चष्म्याची डबी उशाशी ठेवली.

"आज दुखायला लागलं तेव्हा वाटलं हाक मारावी," ती म्हणाली. "मग म्हटलं, सिस्टर आधीच वैतागली आहे तुझ्या डब्यावर. आणखी माझी भर कशाला."

म्हणजे तो छापील कागद माझ्यामुळे खोटा झाला होता. ती बारा मिनिटं, आणि त्याआधीचीही, तिनं माझ्यासाठी मूठ आवळून काढली होती. डब्याला हात जोडणं मला दिसलं होतं, पण हे मला कुठल्याही संध्याकाळी, कितीही बघत बसलो असतो तरी दिसलं नसतं. माया आड आली की माणूस दुखणंसुद्धा झाकतो, आणि झाकलेलं बाहेरून अगदी बरं दिसतं. मला पुन्हा तसंच भय वाटलं, स्कूटरवर वाटलं होतं त्याहून जास्त.

"आता कसं आहे?" मी विचारलं.

"बरं आहे. जा, जेवून घे."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं. सलाइन नसलेला हात चादरीखाली होता. मी चादर बाजूला केली. बोटं मिटलेली होती, घट्ट नव्हे, पण मिटलेली.

मी आतल्या नर्सला बोलावलं. ती आली, नाडी बघितली, पडद्यावरची रेघ बघितली, सलाइनचा वेग थोडा कमी केला आणि म्हणाली, सुई टोचतेय त्यांना, जागा बदलते. दुसरं काही नाही.

"उगाच त्रास दिलास तिला," अक्का पुटपुटली.

"होऊ दे," मी म्हणालो, आणि दोन मिनिटं संपली तरी स्टुलावरून उठलो नाही.